पुस्तक उघडे ठेवून विज्ञानाची परीक्षा

इंदुरात कृष्णपुरा पुलावर भर दुपारी उभ्या असलेल्या माणसाची सावली वर्षातून किती वेळा पायाखाली नाहीशी होते?

विज्ञानाच्या सामान्यज्ञानाची परीक्षा घ्यायची तर असा एक प्रश्न पुरेसा बोलका आहे. शिकल्यासवरलेल्यांकडूनही त्याला बहुधा दोन उत्तरे मिळतात. कुणी म्हणतो, ‘रोज, बाराच्या ठोक्याला.’ कुणी म्हणतो, ‘छे, कधीच नाही.’ दोन्ही चूक. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते आणि इंदूर त्याच्या दक्षिणेला आहे. म्हणून सूर्य उत्तरेकडे सरकताना जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि परत फिरताना जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा, असा दोनदाच तो कृष्णपुऱ्याच्या बरोबर माथ्यावर येतो. तेही बाराला नव्हे. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली, इंदूर ७६ अंशांच्या अलीकडे. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास होते. जुलैची तारीख पावसाळी ढगांत बुडण्याची शक्यता फार, हे वेगळे सांगायला नको. पुण्या-मुंबईकरांसाठी हेच दोन दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतात. ग्वाल्हेरकरांच्या वाट्याला असा दिवस येतच नाही.

या प्रश्नाला पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. ‘पृथ्वीचा आस २३.५ अंशांनी कललेला आहे’ हे वाक्य सातवी-आठवीत प्रत्येकाने घोकलेले असते. त्या वाक्यावरून पुलावरच्या सावलीपर्यंत पोचता येते का, हीच खरी परीक्षा.

कृष्णपुरा हा भाग अशा प्रश्नांना फार सोयीचा आहे. राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या दगडी छत्र्या उभ्या आहेत: महाराणी कृष्णाबाई, तुकोजीराव द्वितीय आणि शिवाजीराव यांच्या. जुने इंदूरकर नदीला अजून खानच म्हणतात. ज्या शिवाजीरावांची छत्री इथे आहे, त्यांच्याच कारकिर्दीत, १८९१ साली, होळकर महाविद्यालय सुरू झाले, आणि तेच आज शहराचे विज्ञान महाविद्यालय आहे.

सावलीचा प्रश्न खगोलाचा झाला. या परिसरातून भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र धरून चारही विषयांचा पेपर निघू शकतो. भौतिकशास्त्रासाठी नळ उघडावा. इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, माळव्याचा घाट चढून येते. नदीचे पात्र आणि शहर यांच्या उंचीत ढोबळमानाने चारशे मीटरचा फरक आहे. मग एक हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरची एक मध्यम टाकी, वर आणायला वीज किती लागेल? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. १००० गुणिले ९.८ गुणिले ४०० म्हणजे सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजे साधारण १.१ युनिट. हा आकडा किमान आहे. पंपातले आणि पाइपातले घर्षण धरले तर तो बराच वाढतो. हे सूत्र नववीत येते. पण वाहत्या नळाखाली ते आठवणारा विद्यार्थी वेगळ्याच मार्कांचा धनी म्हणायला हवा.

रसायनशास्त्र पोह्यांच्या बशीत आहे. इंदुरी पोह्यांचा हळदीचा डाग सदऱ्यावर पडला, त्यावर साबण लावला की तो लालसर होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. साबण अल्कधर्मी आणि लिंबू आम्ल, आणि हळदीतले कर्क्युमिन दोघांना वेगवेगळा रंग दाखवते. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस संपला असेल तर हळदीने रंगवलेला टीपकागद अल्क ओळखायला चालतो.

जीवशास्त्रासाठी मान वर करावी. जुन्या दगडी बांधकामाच्या फटीत, माती नसलेल्या जागी, पिंपळ उगवलेला असतो. तो तिथे पोचला कसा? पक्ष्यांनी फळ खाल्ले, बी विष्ठेतून पडले. इथपर्यंत बरेच जण सांगतात. पुढचा प्रश्न अवघड जातो: पिंपळाला फूल कुणी पाहिले आहे का? फुले असतात, पण ती त्या छोट्या गोल ‘फळा’च्या आत, आणि त्यांचे परागण करायला एक विशिष्ट जातीची चिमुकली गांधीलमाशी आत शिरावी लागते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी.

आता मूळ मुद्दा. विज्ञानाचे सामान्यज्ञान मोजणाऱ्या ज्या प्रसिद्ध चाचण्या जगात झाल्या, त्या अशा नव्हत्या. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने वर्षानुवर्षे प्रौढ नागरिकांना काही ठरावीक प्रश्न विचारले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती? इलेक्ट्रॉन अणूहून लहान असतो का? प्रतिजैविके जिवाणूंप्रमाणे विषाणूंनाही मारतात का? मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या जनुकावरून ठरते का? लेसर ध्वनिलहरी केंद्रित करून चालतो का? खगोल, भौतिक, जीवशास्त्र, सगळे एका पानावर. २०१२ च्या पाहणीत चारांतल्या एका अमेरिकनाने सूर्य-पृथ्वीच्या प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले आणि ती बातमी जगभर चघळली गेली.

बातमी खरी होती, पण मोजपट्टी तोकडी होती. हो किंवा नाही असे उत्तर असले की ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही दहांत सरासरी पाच गुण पडतात. आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे बरोबर उत्तर देणाऱ्याला ते कशावरून, असे कुणी विचारतच नाही. खरे सांगायचे तर ते वाक्य त्याने जसे ऐकले तसे मानले. जुन्या काळातल्या माणसाने उलटे वाक्य ऐकले आणि ते मानले. दोघांच्या विचार करण्याच्या पद्धतीत फार फरक नाही.

भारतात याहून कल्पक प्रयत्न झाला, आणि तोही कुंभमेळ्यात. राष्ट्रीय विज्ञान, तंत्रज्ञान आणि विकास अध्ययन संस्थेतले गौहर रझा आणि त्यांचे सहकारी १९८९ पासून अलाहाबादच्या कुंभात येणाऱ्या यात्रेकरूंना ग्रहण, दिवस-रात्र, पृथ्वीचा आकार, रोगराई अशा गोष्टींबद्दल विचारत राहिले. त्यांना दिसले ते असे की ज्ञान जगण्याच्या जितके जवळ, तितके ते लोकांत लवकर रुजते. विश्वाची उत्पत्ती किंवा माणसाची उत्क्रांती यांसारखे विषय मात्र दूर राहतात. हे अंतर मोजण्याची एक पद्धतच त्यांनी मांडली. तोच माणूस साथीच्या रोगाबद्दल वैज्ञानिक उत्तर देतो आणि ग्रहणाबद्दल राहू-केतूंचे, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

अशा विसंगतीतून विद्यापीठेही सुटलेली नाहीत. १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात काही जणांना कॅमेऱ्यापुढे एक साधा प्रश्न विचारला गेला: ऋतू का होतात? पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून तेवीस जण होते. त्यांतल्या एकवीस जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, अशी बहुतेकांची ठाम समजूत. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, इंदूरकर शेकोटीपाशी बसलेले असतात तेव्हा.

त्याच हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांचा अनुभव तर शिक्षकांनी भिंतीवर लावावा असा आहे. इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनीस यांनी १९८५ मध्ये बल आणि गती यांवर एक चाचणी तयार केली होती. गणित नाही, सूत्र नाही, फक्त रोजच्या भाषेतले प्रश्न. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कुणावर जास्त बल लावतो, या धर्तीचे. माझूरनी ती आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची, की मला प्रत्यक्षात वाटते तशी? एकाच डोक्यात परीक्षेचे विज्ञान आणि वापरायचे विज्ञान असे दोन कप्पे आहेत, हे त्या प्रश्नाने उघड केले. ट्रक आणि मोटार एकमेकांवर सारखेच बल लावतात. न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना पाठ असतो, तरीही ट्रकच जास्त लावतो असे वाटत राहते.

हे दोन कप्पे एक करणारी परीक्षा घेता येते का? येते, आणि ती मध्य प्रदेशात तीस वर्षे घेतली जात होती. कृष्णपुऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, नर्मदेकाठच्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात.

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा वेगळा प्रयोग सुरू केला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून आलेले शास्त्रज्ञ. त्या संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले लोकही मदतीला आले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली, आणि पुढे माळव्यात देवास-उज्जैनपर्यंत, एकूण सुमारे हजार शाळांत तो पोचला. लोक त्याला ‘होशंगाबाद विज्ञान’ म्हणत.

सहावी ते आठवीच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात व्याख्या आणि निष्कर्ष छापलेले नसत. चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करत, नोंदी ठेवत, आणि निष्कर्ष वर्गातल्या चर्चेतून निघे. टोळीतल्या चौघांचे आकडे जुळले नाहीत की वाद होई. असा वाद झाला तर तास चांगला झाला असे मानले जाई. साहित्य स्वस्तातले. टाटांच्या मोटार कारखान्यातले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये इथे आले, आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करण्याची त्यांची युक्ती याच वातावरणात जन्मली. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी तीच खेळणी हाताळली.

खरे धाडस मात्र परीक्षेत होते. आठवीची परीक्षा बोर्डाची, म्हणजे गावाच्या प्रतिष्ठेची. त्यात विज्ञानाच्या पेपरला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची परवानगी होती. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी, आणि खेड्यातल्या सरकारी शाळेतही ती खरोखर घेतली जाई. पुस्तक उघडे असले की ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्नच बाद होतो. मग विचारावे लागते: हा तक्ता बघ, यातले कोणते मोजमाप संशयास्पद वाटते, आणि का? या चार द्रवांत हळदीचा कागद बुडवला तर काय दिसेल, आणि त्यावरून कशाबद्दल काहीच सांगता येणार नाही? असा पेपर काढणे हे फार कष्टाचे काम. शिक्षक आणि बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ एकत्र बसून प्रश्न रचत, आणि तपासताना ‘अपेक्षित नव्हते पण बरोबर आहे’ अशा उत्तरांसाठी जागा ठेवत.

त्याच कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक पात्र होते. मुले त्याला पत्र लिहून प्रश्न विचारत आणि उत्तर येई. परीक्षेची ही उलटी बाजू: मूल काय सांगते यापेक्षा काय विचारते यावरून त्याची समज कळते. मराठी वाचकांना यावरून जयंत नारळीकर आठवतील. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर एखादा विज्ञानाचा प्रश्न विचारा. उत्तराखाली सही मिळेल.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक हवे, आपली मुले पुढच्या स्पर्धेत मागे पडतील, ही तेव्हाची कारणे. पालकांची भीती खोटी नव्हती. नववीपासून पुन्हा घोकंपट्टीचीच परीक्षा होती. पण रोग नववीच्या परीक्षेत होता आणि शस्त्रक्रिया आठवीवर झाली. सात वर्षांनी, २००९ च्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली. माहिती आणि आलेख पुढ्यात देऊन त्यावर विचार करायला लावणारी ही चाचणी. चौऱ्याहत्तर सहभागींत आपली राज्ये तळाशी आली, आणि २०१२ व २०१५ च्या फेऱ्यांत भारत उतरलाच नाही.

महाराष्ट्रात विज्ञानाची समज तपासणारी जुनी आणि घराघरांत माहीत असलेली परीक्षा म्हणजे डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने ती १९८१ मध्ये सुरू केली. सहावी आणि नववीची मुले बसतात. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिप्रकल्प आणि मुलाखत. मधले दोन टप्पे हीच तिची ताकद. अलीकडे तिच्या लेखी परीक्षेसाठीसुद्धा क्लास निघाले आहेत, आणि दहा वर्षांचे मूल शास्त्रज्ञांच्या जन्मतारखा पाठ करताना दिसते. त्यात परीक्षेपेक्षा घराच्या हौसेचा दोष जास्त आहे.

भौतिक, रसायन, जीव आणि खगोल हे चारही विषय स्वतंत्रपणे आणि कसून तपासणारी देशातली परीक्षा म्हणजे ऑलिंपियाड. पहिला टप्पा भौतिकशास्त्र शिक्षकांची अखिल भारतीय संघटना घेते. ही संघटना १९८४ ची. पुढचे टप्पे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेते. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, १९७४ मध्ये सुरू झालेले, आणि त्याचे सुरुवातीचे काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांत झालेले आहे. पहिल्या टप्प्याच्या अलीकडच्या पेपरांत साठ प्रश्न आणि दोन तास असतात. अठ्ठेचाळीस प्रश्न एका बरोबर पर्यायाचे: बरोबरला तीन गुण, चुकीला उणे एक. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तर सरासरी शून्य यावे, असा हा हिशेब मुद्दाम बसवला आहे. उरलेल्या बारा प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. सगळे ओळखले तर सहा गुण, एक सुटला तरी शून्य. पर्यायांच्या पंधरा जुळण्या होतात, म्हणून तिथे अंदाज जवळपास चालतच नाही.

पुढे मानखुर्दच्या शिबिरात मुलांना प्रयोगशाळेत उभे केले जाते. आंतरराष्ट्रीय भौतिक ऑलिंपियाडमध्ये पन्नासपैकी वीस गुण प्रयोगाचे, रसायनमध्ये शंभरपैकी चाळीस. खगोलात आकाश ओळखण्याची परीक्षा असते. भारताचा भौतिकशास्त्राचा संघ १९९८ मध्ये पहिल्यांदा गेला, रसायनाचा १९९९ मध्ये, जीवशास्त्राचा २००० मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरले आणि साठाहून अधिक देशांची मुले आली.

पण संघात मुले किती? खगोल आणि भौतिकला पाच-पाच, रसायन आणि जीवशास्त्राला चार-चार. होशंगाबादची परीक्षा आठवीच्या प्रत्येक मुलासाठी होती. तीच पद्धत आता देशातल्या मूठभरांसाठी राखीव झाली आहे. इंदुरात भँवरकुआँच्या क्लासांमध्ये ऑलिंपियाडची तयारीही अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीला जोडूनच होते. चांगल्या प्रश्नाचाही नमुना बनतो आणि नमुन्याचा सराव सुरू होतो. फक्त प्रयोगाच्या टेबलापाशी हा सराव कमी पडतो.

शाळांना आणि पालकांना याची सुरुवात करायला सरकारी आदेशाची गरज नाही. उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेत एक शंकुयंत्र आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी बांधलेल्या या वेधशाळेची १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे काम पाहिले. तिथे २१ जूनच्या दुपारी मुलांना नेऊन सावलीची रेघ दाखवता येते. ते जमले नाही तर शाळेच्या मैदानात एक उभी काठी आणि खडू पुरे. विज्ञानाच्या पेपरातले वीस गुण पुस्तक उघडे ठेवून सोडवायला देणे कुठल्याही मुख्याध्यापकाला घटक चाचणीत सहज शक्य आहे. एकलव्यची ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तके आणि मानखुर्द केंद्राचे ऑलिंपियाडचे जुने पेपर उत्तरांसह इंटरनेटवर मोफत मिळतात. पहिल्या टप्प्याची परीक्षा दरवर्षी नोव्हेंबरात होते आणि नोंदणी त्याच्या दोन-तीन महिने आधी. घरात आठवी-नववीचे मूल असेल तर त्याच्यासोबत कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडचा एक जुना पेपर सोडवायला बसा, आणि त्यातला एक तरी प्रश्न स्वयंपाकघरात करून बघा.